राजापूर ते रेडी: दक्षिण कोकणचा किनारा तिथी पाहून कसा फिरावा

कोकणच्या सहलीचा बेत नकाशावर ठरतो आणि खाडीवर फसतो. विजयदुर्गाच्या बुरुजावर उभे राहिले की वाघोटण खाडीपलीकडचा राजापूर तालुक्याचा किनारा समोर दिसतो. तिथे गाडीने जायचे तर खाडीच्या वरच्या अंगाला जाऊन, पूल ओलांडून, पुन्हा खाली समुद्राकडे यावे लागते. असे दर पंधरा-वीस किलोमीटरला होते. म्हणून इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, तासांत मोजावे, आणि तासही भरती-ओहोटीच्या घड्याळाचे.

हा लेख राजापूर तालुक्यापासून गोव्याच्या हद्दीवरच्या रेडीपर्यंतच्या पट्ट्याबद्दल आहे. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचे दक्षिण टोक आणि पूर्ण सिंधुदुर्ग. एवढ्याशा पट्ट्यात किनारा, खाडी, जांभ्या दगडाचा उघडा सडा, भातशेतीची वलाटी (किनारा आणि डोंगर यांमधली सखल जमीन) आणि सह्याद्रीचा घाट हे सगळे येते. समुद्रावर सकाळी पाय भिजवून दुपारी घाटमाथ्यावर स्वेटर घालता येतो. इतिहासही थरांत आहे: कातळावर खोदलेली चित्रे, शिलाहार, विजयनगर, मराठा आरमार, डच, इंग्रज.

आधी दिवस आणि तुकडा ठरवा

आठ दिवस असतील तर सगळा पट्टा निवांत होतो. चारच दिवस असतील तर सगळा पट्टा करू नका, हे अगदी स्पष्ट सांगतो. एक तुकडा निवडा. किल्ले आणि आरमार यांत रस असेल तर विजयदुर्ग ते मालवण. लोककला, बाजार आणि घाट हवे असतील तर कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले, आंबोली. कातळशिल्पे पाहायची असतील तर राजापूर तालुका, आणि परतीत विजयदुर्ग. रोज मुक्काम बदलणारे प्रवासी कोकणात लॉजच्या खोल्या पाहतात, कोकण नाही. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले किंवा सावंतवाडी एवढे तीन तळ पुरतात.

महिना कोणता

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोपा काळ. समुद्र शांत, होड्या चालू, पाणी त्यातल्या त्यात नितळ. कार्तिक पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावतार रंगतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र तारकर्ली-देवबाग टाळा. गर्दी आणि दर दोन्ही चढतात.

मार्चअखेर ते मे हा आंब्याचा काळ. हापूस पिकतो मार्चअखेरपासून, पण खिशाला परवडतो मे महिन्यात, पेट्या मुबलक झाल्यावर. उकाडा जबर असतो. दुपारी अकरा ते चार घराबाहेर पडू नये.

जून ते ऑगस्ट समुद्राचे सगळे बंद. सिंधुदुर्गाच्या होड्या थांबतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे 'ताजी सुरमई' म्हणून जे ताटात येईल त्याची चौकशी करावी. पण सडे हिरवे झालेले, घाटात धबधबे आणि राहायला जागाच जागा. माझे मत विचाराल तर ज्याने किनारा एकदा पाहिला आहे त्याने दुसऱ्यांदा सप्टेंबरात यावे, सड्यांवरची रानफुले पाहायला. फक्त गणपतीचे दिवस सोडून, कारण त्या दिवसांत अख्खी चाकरमानी मुंबई गावी असते आणि गाडीत उभे राहायला जागा नसते.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येते. तिची तारीख पंचांगात सापडत नाही, ती देवीच्या कौलाने ठरते. जाहीर झाली की मालवण, कणकवली, कुडाळ इथल्या खोल्या आणि रेल्वेची तिकिटे बघता बघता संपतात. जत्रा पाहायची असेल तर लगेच बुकिंग करा, नसेल तर ते दोन दिवस चुकवा.

तिथीचा हिशेब

महिना ठरला की कॅलेंडरवरची तिथी पाहा. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ-सव्वानऊला. अष्टमीला सहा वाजता भरती, बारा-सव्वाबाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी तर बंदरावर कोणालाही विचारा किंवा भरतीचे कोष्टक पाहा.

याचा उपयोग काय? कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर खडकांत कोरलेल्या पिंडी ओहोटीलाच उघड्या पडतात. मालवणचे रॉक गार्डन आणि मोरयाचा धोंडा पाणी उतरल्यावर पाहण्यासारखे. त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या या दिवसांत ओहोटी बरोबर उन्हे कलताना येते, म्हणून किनाऱ्यावरचे मुक्काम त्या तिथींना धरा. एक सावधगिरी: हेच दिवस उधाणाचे. पाणी जितके लांब ओसरते तितकेच जोरात परत येते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीत हा फरक कमी असतो. लहान मुले बरोबर असतील तर पोहण्यासाठी ते दिवस बरे.

पोचायचे कसे

रेल्वे सर्वांत उत्तम. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, जनशताब्दी, तेजस, वंदे भारत असे पर्याय आहेत, पण सगळ्या गाड्या सगळ्या स्थानकांवर थांबत नाहीत. आरक्षण साठ दिवस आधी उघडते; मे महिन्याची आणि गणपतीची तिकिटे त्याच सकाळी संपतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्या सावकाश धावतात, तेव्हा जुन्या वेळेवर विसंबू नका.

मालवणसाठी कुडाळला उतरा, तिथून तासाभराचा रस्ता. कणकवलीहूनही जाता येते, जरा लांब पडते. देवगडसाठी कणकवली किंवा नांदगाव. विजयदुर्गासाठी वैभववाडी किंवा राजापूर रोड. राजापूर रोड स्थानक राजापूर शहरापासून दूर आहे, उतरल्यावर वाहन मिळेलच असे नाही. आधी फोन करून रिक्षा ठरवलेली बरी. वेंगुर्ले आणि आंबोलीसाठी सावंतवाडी रोड. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण विमाने मोजकी आणि बदलती, त्यावर सगळा बेत टांगू नये.

पुणे-कोल्हापूरकडून गाडीने येणाऱ्यांना घाट निवडता येतो. गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडी, दाजीपूरहून फोंडा घाटाने कणकवली, आजऱ्याहून आंबोलीने सावंतवाडी. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारा. दरड कोसळणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे.

खाली उतरल्यावर एसटी अजून चालते आणि चांगली चालते, पण खेड्यातली शेवटची गाडी लवकर सुटते. 'वस्तीची गाडी' रात्री गावात थांबून सकाळी परत निघते, तिची वेळ विचारून ठेवा. सड्यांवर आणि आतल्या किनाऱ्यांवर जायला दिवसभराची रिक्षा सोयीची. रिक्षावाला बहुधा तुमचा वाटाड्याही होतो. 'खयसून इल्यात?' या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्या, तोच त्याला पुढचे सांगायला लावतो.

उत्तर टोक: सडा आणि राजापूर

कशेळी गावाच्या सड्यावर हत्तीची एक रेखाकृती कोरलेली आहे, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच. तिच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी, मासे, पक्षी. जमिनीवर उभे राहून ती एका नजरेत मावत नाही. कडेने फिरत फिरत रेषा जुळवावी लागते. अभ्यासक यातल्या काही शिल्पांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. कोकणातली अशी नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांत राजापूर तालुक्यातली कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ आणि मालवण तालुक्यातली कुडोपी आहे. देवाच्या गोठण्याला खिशात होकायंत्र न्या; तिथल्या कातळावर त्याची सुई भरकटते.

कातळशिल्प पाहायची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. उन्हे तिरपी असली की उथळ रेषांत सावली पडते आणि चित्र उठून दिसते. भर दुपारी गेलात तर तापलेला दगड दिसेल, हत्ती दिसणार नाही. चप्पल-बूट काढून चाला, फोटोसाठी रेषांत खडू भरू नका. बरीच शिल्पे खासगी जमिनीत आहेत, त्यामुळे गावात विचारून, एखाद्या गावकऱ्याला बरोबर घेऊनच जावे आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत.

कशेळीतच कनकादित्याचे सूर्यमंदिर आहे, रथसप्तमीला उत्सव असतो. शिलाहार राजा दुसरा भोज याचा ताम्रपट इथे आहे. विजयदुर्गाची पहिली बांधणी याच राजाच्या नावावर सांगतात, तेव्हा पुढचा मुक्काम इथूनच सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

राजापूर शहरात दोन तास पुरतात. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात इथल्या वखारीतल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर लुटले आणि वखारीतल्या इंग्रजांना कैद केले. बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यांवरून हे बंदर एके काळी किती गजबजलेले असेल याचा अंदाज येतो. धूतपापेश्वराचे देऊळ पावसाळ्यात पाहावे, शेजारचा धबधबा तेव्हाच भरात असतो. जवळच्या उन्हाळे गावातली गंगा, म्हणजे अधूनमधून अचानक वाहू लागणारा झरा, सध्या आली आहे का, हे गावात कोणीही सांगेल. ती येते तेव्हा येते.

विजयदुर्ग आणि देवगड

विजयदुर्गाला होडी लागत नाही, गावातून चालत दरवाजात पोचता येते. तीन तास राखून ठेवा. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये हा किल्ला घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचा ॲडमिरल वॉटसन समुद्रातून आणि क्लाइव्ह जमिनीवरून चालून आले, पेशव्यांचे सैन्यही त्यांच्या बाजूने होते. तुळाजी आंग्र्यांचे आरमार खाडीत जळाले. मराठ्यांचे आरमार मराठ्यांच्याच मदतीने बुडाले, ही गोष्ट बुरुजावर उभे राहून आठवली की त्या देखण्या खाडीकडे पाहण्याची नजर बदलते. त्याच वर्षी इंग्रजांनी बाणकोट घेऊन हा किल्ला पेशव्यांना दिला आणि पुढे पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांनी इथून आरमार चालवले.

किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८६८ च्या सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इथून हेलियम शोधला असे सांगतात. दरवर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो. गोष्ट गोड आहे, पण लॉकियरची ती निरीक्षणे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली, इंग्लंडमधून केलेली आहेत. ओटे पाहा, वाद घालू नका.

किल्ल्यानंतर गिर्ये गावात रामेश्वराच्या देवळात उतरा. देवळाकडची वाट कातळ फोडून काढली आहे. खाडीच्या कडेला मराठ्यांची आरमारी गोदी आहे, जहाजे दुरुस्तीला घेण्यासाठी खडकात खोदलेली. पाटी चुकते, म्हणून विचारत जा.

विजयदुर्ग ते देवगड साधारण तासाभराचा रस्ता आहे, दुतर्फा आंब्याच्या बागा. देवगड गावात पवनचक्क्या आणि किल्ला पाहून पुढे कुणकेश्वर गाठा. तिथे ओहोटीच्या वेळी पोचायचे, हे आता सांगायला नको. हापूस घ्यायचा तर बागायतदाराच्या घरून घ्या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. प्रवासात न्यायचा तर अर्धकच्चा घ्या, घरी पेंढ्यात पिकवा.

मालवण: इथे तीन रात्री

पहिली सकाळ सिंधुदुर्गाची. २५ नोव्हेंबर १६६४ ला मोरयाच्या धोंड्याजवळ भूमिपूजन झाले आणि कुरटे बेटावर किल्ला उठला. पायाच्या दगडांत शिसे ओतले असे सांगतात. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यांत विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत.

मालवणच्या जेटीवरून पहिल्या होडीने निघा. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात, आणि तासाभरात हा किल्ला होत नाही. चढण्याआधीच सांगा की आम्ही नंतरच्या होडीने येऊ. किल्ल्याचा दरवाजा समोर येईपर्यंत दिसत नाही, तट त्याला असा आडवा वळला आहे. शत्रूला काय वाटत असेल ते होडीतच कळते. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे. इथली महाराजांची मूर्ती वीरासनातली आणि बिनदाढीची. दरवाजाजवळच्या घुमट्यांत चुन्यातला हाताचा आणि पायाचा ठसा. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे, या विहिरींशिवाय इथे किल्ला टिकलाच नसता. शेवटी तटावरून जमेल तितके चाला. टोपी आणि पाणी जवळ हवे.

दुपारी झोपा. संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव चालतो, तो पाहा. मध्ये उभे राहून फोटो काढू नका, लोक धंद्यात असतात. पहाटे दांडी किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर थांबा. लांबच लांब जाळे समुद्रात सोडून दोन्ही टोकांनी माणसे ते किनाऱ्याकडे खेचतात. यांत्रिक बोटी वाढल्यापासून रापणीला मासळी कमी लागते, हे तिथलीच माणसे सांगतील.

दुसरा दिवस पाण्याचा. तारकर्ली, देवबाग आणि कर्ली नदीचा संगम. स्नॉर्केलिंग आणि स्कूबासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले. स्वस्त पॅकेज निवडण्याआधी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र विचारा, दमा किंवा हृदयविकार असेल तर स्पष्ट सांगा, आणि लाइफ जॅकेट न देणाऱ्या होडीत बसू नका. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ तोडून आणणे किंवा माशांना पाव घालणे हे दोन्ही करू नये. पोहायचे तर स्थानिकांना विचारूनच. संगमाजवळ आणि खडकांच्या कडेला ओढ असते, शांत दिसणारे पाणीच तिथे फसवते.

तिसऱ्या दिवशी धामापूरचा तलाव. १५३० मधला, विजयनगरच्या काळातला, काठावर भगवतीचे देऊळ. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. समुद्राच्या गोंगाटानंतर इथे डोके शांत होते. परतताना आचरे लागले तर गावपळणीबद्दल विचारा: काही वर्षांनी एकदा अख्खे गाव, गुरेढोरे आणि कोंबड्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहायला जाते.

जेवणाबद्दल थोडक्यात. खाणावळीत थाळीपेक्षा घरगुती निवासात आदल्या रात्री सांगून ठेवलेले जेवण चांगले. तिरफळ घातलेला बांगडा, तिसऱ्या (शिंपल्या), वडे-सागोती, सकाळी घावणे किंवा आंबोळी, आणि गोडाला नारळाच्या रसातली खापरोळी. शाकाहारी असाल तर ओल्या काजूची उसळ मार्च-एप्रिलमध्ये. सोलकढी गुलाबी भडक दिसली तर ती आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, नाही असे समजा.

दक्षिण: कुडाळपासून रेडीपर्यंत

कुडाळजवळचे पिंगुळी हे ठाकर समाजाच्या चित्रकथीचे (चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या कलेचे) आणि कळसूत्री बाहुल्यांचे गाव. इथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. खेळ पाहायचा तर आधी कळवावे लागते.

सावंतवाडीत मोती तलावाकाठी राजवाडा आहे. तिथे गंजिफा रंगवताना पाहता येतात: गोल, हाताने रंगवलेले पत्ते, दशावताराचा एक संच १२० पानांचा. सुट्टीचा वार विचारून जा. चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळे मिळतात; चकचकीत ऑइलपेंटच्या मालापेक्षा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची जुनी घडण मागा. नोव्हेंबरात आलात तर सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा जवळच आहे.

आंबोलीसाठी सावंतवाडीहून एक पूर्ण दिवस. उंची सुमारे ६९० मीटर, पाऊस वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात. हिरण्यकेशीच्या देवळातल्या पाण्यात एक मासा आहे, शिस्तुरा हिरण्यकेशी. त्याच्यासाठी हे स्थळ २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. अरबी समुद्र इथून इतका जवळ, तरी ही नदी पूर्वेला वळून बंगालच्या उपसागराकडे जाते. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यावर जाऊ नका, तिथे फक्त गाड्यांची रांग पाहायला मिळते.

वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातली डच वखार पडक्या अवस्थेत आहे, पाच मिनिटांत पाहून होते. त्यापेक्षा बाजार, बंदर आणि दीपगृह यांना वेळ द्या. काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जाती इथल्याच फळ संशोधन केंद्रातल्या. काजूगर इथून घ्यावेत. पुढे शिरोडा, जिथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि मिठागरे अजूनही दिसतात. वेळागरचा किनारा सुरूच्या बनातून उघडतो. शेवटी रेडी: झाडांच्या मुळांनी वेढलेला यशवंतगड आणि १९७६ मध्ये खाणीत सापडलेली गणपतीची मूर्ती.

रेडीहून तेरेखोल अगदी जवळ आहे. किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात येतो. तिथून फेरीबोटीने केरीला उतरले की अरंबोलमार्गे पेडण्याच्या रेल्वे स्थानकावर जाता येते. परतीचे आरक्षण सावंतवाडीऐवजी पेडण्याहून केले तर उलटा प्रवास वाचतो. फक्त तुमची गाडी तिथे थांबते का ते आधी पाहून घ्या.